आइस हॉकी, भाग दुसरा, आणि ताईचा अकरा-एक

तीर्थस्वरूप (आणि वर्षभर तोंड फिरवून बसलेल्या) ताईस,

साष्टांग नमस्कार. तो घालताना कंबर धरली, बायकोने उठवलं. (हेही कळवा म्हणाली.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? तू उत्तर देणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी रीत म्हणून विचारतो.

पत्रास कारण, आपल्या आइस हॉकीच्या व्हिडिओ गेमची कॅसेट सापडली. भाग दुसरा! माळा आवरताना पंख्याच्या खोक्यात, गेमच्या डब्यासकट आणि दोन्ही रिमोटसकट. आठवतं ना, पहिल्या भागात खेळाडू हातमोजे फेकून एकमेकांना बडवायचे आणि दुसऱ्यात कंपनीने मारामारीच काढून टाकली? ती कसर आपण सतरंजीवर भरून काढायचो. (माझ्या कानामागची खूण अजून आहे.) टीव्हीला जोडली आणि लाजच वाटली गं! ज्यांच्यापायी आपण जेवणं सोडली, ते खेळाडू म्हणजे बोटभर ठिपके. फरशीवर तेल सांडल्यासारखे घसरतात. गोलकीपर तसाच ठोंब्या, डावीकडून मारलं की बघत बसतो. आणि विक्रमांच्या यादीत सगळ्यात वर मला हरवलेला तुझा अकरा-एक, तसाच छाती काढून उभा! माझं डोकंच फिरलं. घड्याळांचं दुकान दुपारभर बंद ठेवलं आणि तुझ्या निळ्या संघाला सहा-शून्य असं धुतलं! आता टिमकी वाजवणं बंद कर. तुझ्या नव्या घराचा जिना अरुंद म्हणालो, तेवढ्यावरून अबोला धरणारीला हे कळायलाच हवं. (जिना अरुंदच आहे.)

तुझा,
धाकटा

ता. क. निळ्या संघाचा रिमोट जमिनीवर पडला होता. कुणी धरला नव्हता.

दुसरा ता. क. रागावू नकोस. जुनी वस्तू हातात आली की सेल बदलायचा, ही आमच्या धंद्याची खोड. कॅसेट उघडून आतला सेल बदलला आणि यादी कोरी करकरीत! तुझा अकरा-एक त्या सेलच्याच जिवावर तगून होता.

तिसरा ता. क. मग तुझा विक्रम परत बसवायला दोन्ही रिमोट घेऊन बसलो. उजव्या हातात मी, डाव्या हातात तू. तुला मुद्दाम जिंकवणार होतो. पण मध्येच हट्टाला पेटलो, जीव तोडून खेळलो, आणि तरीही तूच जिंकलीस! यादीत आता तुझं एकटीचं नाव आहे. रविवारी ये. एकट्याने हरण्यात काही मजा नाही गं. आणि तुझा जिना चांगला ऐसपैस आहे, हे लेखी देतो.