लाकडी ओटा आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा फर्निचरला पॉलिश करणे (आता बंद), सारी गल्ली जिला पॉलिशकाकू म्हणून ओळखते ती, आज शनिवारी सकाळी माझ्याच स्वयंपाकघरात बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या दोन्ही मुलांना या दाखल्याबद्दल शंका येणार, हे मी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवले आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ते आणण्याचा प्रयत्न दोघांनीही करून पाहिला, पण डाळ शिजली नाही, एवढेच नोंदवते.

वकीलबाईंनी मसुदा करून दिला होता. नीटनेटका होता, पण वाचून तो कोणत्या बाईचा आहे हे कळत नव्हते. म्हणून कायद्याचे शब्द त्यांचे ठेवले आणि बाकीचे माझे घातले. त्या म्हणाल्या, "काकू, मृत्युपत्रात गाऱ्हाणी लिहीत नाहीत." मी म्हटले, "मग कुठे लिहू? मेल्यावर मला कोण विचारायला येणार आहे?" त्यावर त्या हसल्या आणि त्यांनी पेनाचे टोपण लावून ठेवले.

१. यापूर्वीचे, सात वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यात मी माझ्या दोन्ही मुलांचा उल्लेख 'समजूतदार' असा केला होता. तोही रद्द समजावा.

२. राहते घर, म्हणजे तीन खोल्या, मागचे अंगण आणि वरची गच्ची, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते दोन्ही मुलांना समसमान द्यावे. थोरला इथे बायकोसह राहतो, त्याने राहावे. धाकटा दुसऱ्या शहरात एकटा राहतो, त्याने यावे-जावे. विकायचे झाल्यास दोघांच्या सह्या लागतील. दोघांचे आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालेले नाही, तेव्हा घर सुरक्षित आहे.

३. बँकेत जे शिल्लक असेल तेही निम्मे निम्मे. सोन्याची साखळी माझ्या नणंदेला द्यावी. ती आपल्या आईची आहे असे ती तीस वर्षे सांगत आली आहे. ती तिच्या आईची नाही. मी स्वतः दारे-खिडक्या घासून, पॉलिश करून मिळवलेल्या पैशांतून घेतलेली आहे. पण ते ऐकून ऐकून माझे कान किटले. तिने साखळी खुशाल घालावी आणि हे कलम वाचूनच घालावी.

४. माझे पती सुतार होते. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांच्या करवती, रंधे, पटाशा आणि माझे ब्रश, कापड, तेलाचे डबे हे सर्व तंत्रशाळेतील सुतारकामाच्या वर्गाला द्यावे. मुलांनी हक्क सांगू नये. थोरल्याने एकदा वडिलांची पटाशी रंगाचा डबा उघडायला वापरली होती, त्याचा हक्क तिथेच संपला. धाकट्याला रंधा कोणत्या बाजूने धरतात हे ठाऊक नाही, पण तो भिंतीवर टांगला तर कसा दिसेल हे ठाऊक आहे.

५. आता स्वयंपाकघर. खरे तर याच कलमासाठी हा सारा खटाटोप आहे.

वकीलबाईंचे म्हणणे असे की भिंतीला पक्के जोडलेले सामान घराबरोबर जाते. त्यांना मी खाली वाकून बघायला लावले. माझ्या स्वयंपाकघरात एकही खिळा नाही. आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात होतो, दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. म्हणून यांनी ओटा, फडताळ, भांड्यांची मांडणी, सगळे सागवानात खाचेत खाच बसवून, लाकडी पाचरा मारून केले. पाचरा काढा, उचला, चालू लागा. तेव्हा कायद्याने ही जंगम मालमत्ता आहे, मी ती घरापासून वेगळी काढू शकते, आणि काढते आहे.

तिच्यावरून मुलांमध्ये काय चालले आहे ते इथे नमूद करते. गेल्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी दवाखान्यात होते. तेवढ्यात थोरल्याने कंत्राटदार आणून मापे घेतली. सगळे उपटून पांढरे चकचकीत, स्वतःहून बंद होणारे खण बसवायचे ठरले. ही बातमी धाकट्याला लागली. तो पहिल्या गाडीने आला आणि म्हणाला, "बाबांच्या स्वयंपाकघराला हात लावलात तर याद राखा!" आणि स्वतः हात लावून मोकळा झाला. माझा मिक्सर, ओले फडके, कांद्यांची टोपली खाटेखाली गेली. मांडणीवर तीनच भांडी उरली, तीही कल्हई करून. ओट्यावर बशीत सात लिंबे, खिडकीत कुंडी, आणि ओट्याच्या बरोबर मधोमध छतापासून एक पितळी दिवा लोंबता. मग फोटो काढून, ते जगाला दाखवून तो परत गेला. दिव्यावर थोरल्याच्या बायकोचे कपाळ आजवर किती वेळा आपटले याची मोजदाद नाही. लिंबे मी दुसऱ्या दिवशी पिळली.

दोघेही मला विचारायला आले नाहीत. दोघांपैकी एकालाही साधा चहा धड करता येत नाही. आणि दोघेही त्याला 'बाबांचे स्वयंपाकघर' म्हणतात! लाकूड कापले त्यांनी, ते मान्य. पण त्याची प्रत्येक फळी मी घासली, वर्षातून दोनदा जवसाचे तेल मी पाजले, सांडलेले दूध, हळद, शाई, काय काय मी उतरवले. चव्वेचाळीस वर्षे तिथे उभी मी राहिले. तेव्हा ते माझे आहे, आणि माझ्या मर्जीने जाईल.

६. ओट्याच्या उंचीबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे.

यांनी ओटा केला तेव्हा मी माहेरी होते. यांच्याकडे मापाची एक काठी होती, तिच्यावर सगळ्या उंच्यांच्या खुणा. कामाच्या टेबलाची खूण होती, ओट्याची नव्हती. ज्याच्याशी उभे राहून काम करायचे ते टेबलच, असा हिशेब करून यांनी ओटा त्याच उंचीचा केला. यांची उंची सहा फूट. मी यांच्या काखेत मावत असे. कणीक मळताना माझी कोपरे कानाला लागायची. अकरा वर्षे मी खोक्यावर उभी राहून स्वयंपाक केला. मी सांगायचे तेव्हा हे म्हणायचे, "बघू, हातातली कामं उरकू दे." सुताराचे हात लोकांच्या घरी, आणि सुताराची बायको खोक्यावर.

मग एकदा हे दारे बसवायला दोन दिवस परगावी गेले. मी करवत घेतली आणि ओट्याचे चारी पाय चार-चार बोटे कापून टाकले. एक पाय जरा जास्त गेला, ओटा डुगडुगू लागला. हे आले, बघितले आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "एवढं अडत होतं, तर सांगायचं की!"

"अकरा वर्षं काय करत होते मग?"

ते खाली बसले आणि चारी पाय एका पातळीत आणून दिले. त्या दिवसापासून ते मला टरकून असत. मला ते आवडायचे.

७. हे सारे मी ताठ मानेने लोकांना सांगत आले. पुढचे मात्र मान खाली घालून लिहिते.

माझी सून, थोरल्याची बायको, पोस्टात खिडकीवर काम करते. ती घरात आली त्याला बावीस वर्षे झाली. चांगली उंच आहे. ओट्याशी ती पाय फाकवून, गुडघे वाकवून उभी राहते. मी तिला पहिल्यापासून 'पैलवान' म्हणत आले, आल्यागेल्यासमोरही. मला वाटे, तिची ती ढबच आहे.

दवाखान्यातून आल्यावर महिनाभर मला या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहावे लागले. बसणाऱ्याला उभ्या माणसाची पाठ दिसते. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला मी तिची पाठ बघत होते. भाजी चिरून झाली की ती दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूहळू सरळ व्हायची, आणि मला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करायची. एक दिवस मी विचारले, "तू अशी वाकून का गं उभी राहतेस?"

"ओटा खाली आहे ना, आई."

"अगं, मग सांगायचं की!"

तिने सुरी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "सांगितलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी. तुम्ही म्हणालात, हा ओटा मी माझ्या हातानं कापलाय, याला कोणी बोट लावायचं नाही. मग पुन्हा नाही विचारलं."

मला ते आठवले. शब्द माझेच होते, ओळखायला वेळ लागला नाही. त्या रात्री जेवले नाही, आणि गुडघा दुखतो असे खोटे सांगितले. मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

८. म्हणून माझे संपूर्ण लाकडी स्वयंपाकघर, ओटा, फडताळ, मांडणी, पाचरांसह, मी माझ्या सुनेला देत आहे. तिच्या नवऱ्याला नाही, तिला. हक्क पूर्ण, अटी शून्य. तिने ते उंच करावे, रंगवावे, अर्धे विकावे. तिला ते पांढरे चकचकीतच हवे असेल तर हे सारे सरपण म्हणून फोडावे. हे शेवटचे वाक्य लिहिताना माझा जीव तुटतो. तरी ते खोडणार नाही. अट घातली की ते पुन्हा माझेच झाले.

लोंबता दिवा धाकट्याला परत द्यावा. त्याला हवे तितके फोटो त्याने ओट्याला हात लागण्याआधीच काढून घ्यावेत.

९. या वाटणीवर कोणत्याही मुलाची हरकत असेल, तर त्याने आधी सलग तीस दिवस, दोन्ही वेळचा, घरातल्या सर्वांचा स्वयंपाक याच ओट्यावर करावा, भांडी घासून जागच्या जागी लावावीत, आणि एकतिसाव्या दिवशी पाठ सरळ करून वकीलबाईंकडे जावे. त्याआधीची हरकत त्यांनी ऐकून घेऊ नये. हे कलम कोर्टात टिकणार नाही असे वकीलबाई म्हणतात. घरात टिकेल.

१०. हे मृत्युपत्र अमलात आणण्याची जबाबदारी वकीलबाईंवर सोपवली आहे.

इथे मी सही करणार होते. सून आत आली, कागदांकडे न बघता साक्षीदारांसाठी चहा ठेवायला वाकली, आणि मला कळले की मी पुन्हा तेच करते आहे. मृत्युपत्र म्हणजे मी मरेपर्यंत तिने थांबायचे. आमच्या घराण्यात बायका नव्वदी गाठतात. तोवर तिचीच साठी येईल, आणि "बघू, उरकू दे" म्हणणारी मी ठरेन. म्हणून वकीलबाईंच्या सल्ल्याने पुढील कलम ऐनवेळी जोडले आहे.

११. कलम आठमधील वस्तू माझ्या मरणानंतर द्यायच्या नसून मी त्या आजच, माझ्या हयातीत, सुनेच्या ताब्यात दिल्या आहेत. तसे वेगळे बक्षीसपत्र आताच केले आहे. मुलांनी भांडायचे असल्यास बाई अजून जिवंत आहे, स्वयंपाकघरात बसलेली असते, केव्हाही यावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वकीलबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला, मी ऐकला आणि त्यातले काहीही मागे घेतलेले नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ७ मार्च २०२६

सही: पॉलिशकाकू, स्वहस्ते

आम्ही दोघांनी काकूंना आमच्या डोळ्यांसमोर सही करताना पाहिले. आम्हाला यातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: औषधांच्या दुकानाची मालकीण, समोरचे घर. (सही)

साक्षीदार २: सुतार, मागची गल्ली. (सही) सही केल्यावर काकूंच्या सांगण्यावरून सूनबाईंना चपला काढून ओट्याशी सरळ उभे केले व त्यांच्या कोपराच्या उंचीचे माप घेतले. सूनबाई म्हणाल्या, "आधी आईंना विचारा, त्यांना किती चालेल." काकू म्हणाल्या, "मला विचारायचं नाही." काम सोमवारी सुरू.