करमाडच्या रस्त्यावर जळालेला मांडव

मी, वच्छलाबाई कडुबा ठोंबरे, वय एकोणसत्तर, धंदा मंडप डेकोरेशन, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाचाही दबाव नसताना व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला माणसांची शिसारी आली आहे, हे मी त्यांना आधीच सांगितलं. त्यावर औषध नाही, पण तो आजारही नाही, असं ते म्हणाले.

१. माझे पती कडुबा वारले तेव्हा मागे थोडे बांबू आणि फाटक्या सतरंज्या राहिल्या होत्या. त्यानंतरचं घर, दुकान, गोदाम आणि माल ही सर्व माझी स्वकष्टाची मिळकत आहे. वारस दोन : मुलगा सोमनाथ व मुलगी सोनिया.

२. सोमनाथ विम्याचा एजंट झाला तेव्हा त्याचं पहिलं गिऱ्हाईक मीच. त्याने टेम्पोचा विमा उतरवला, गोदामातल्या मालाचा उतरवला, दुकानाचा उतरवला. दुकानावरची पाटीसुद्धा सोडली नाही. "आई, आता तू निर्धास्त झोप," म्हणाला. मी झोपले. ही माझी चूक समजावी.

३. भामाबाई या करमाडच्या बाईच्या मुलीचं लग्न होतं. मांडवाचा माल घेऊन आमचा ड्रायव्हर पुंडलिक निघाला. शेंद्र्याच्या पुढे टेम्पोच्या वायरिंगने पेट घेतला. पुंडलिक उडी मारून वाचला. पडदे, झालरी, सतरंज्या, खुर्च्या, सगळ्याची राख झाली. भामाबाईचा फोन आला, "माय, पोरीला हळद लागली, मांडव कुठं हाय?"

मुकुंदवाडीतच हबीबभाईचं मंडपाचं दुकान आहे. एका लॉनच्या कामावरून आमचं वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद होतं. तो न बोलावता आला. "भाभी, झगडा अपनी जागा, बच्ची का मांडव अपनी जागा," एवढंच बोलला आणि आपला माल घेऊन स्वतः करमाडला गेला. लग्न वेळेवर लागलं.

४. मग विम्याचा साहेब पाहणीला आला. नाकाला रुमाल लावून त्याने पेनाने राख उकरली. आमच्या घरची भजी खाल्ली आणि तेलकट हात अर्धवट जळालेल्या झालरीला पुसले. ती झालर माझ्या लेकीच्या लग्नात पहिल्यांदा लावली होती. टेम्पोच्या विम्याचं त्याने सांगितलं, की आग आधी मालाला लागली असेल, म्हणून बसत नाही. मालाच्या विम्याचं सांगितलं, की माल गोदामात असता तर मिळाला असता.

"मंजी मी गोदामच पेटवायला पाहिजे होतं का?" मी विचारलं.

"तांत्रिकदृष्ट्या, हो," तो म्हणाला. हसलासुद्धा नाही.

पाटी तेवढी विम्यात बसत होती, पण ती जळाली नव्हती.

५. इथपर्यंत मला नुसता राग होता. शिसारी पुढे आली. टेम्पोत गॅसचा सिलिंडर होता, म्हणजे दावा बादच, असं कंपनीला लेखी कोणी दिलं? सोमनाथने. कंपनी त्याला परदेशच्या सहलीला नेणार होती. त्याच्या गिऱ्हाइकाचा एवढा मोठा दावा निघाला असता तर ती सहल गेली असती. मी ग्राहक आयोगात गेले. तिथे त्याला विचारलं, "या बाई तुमच्या कोण?"

"साहेब, ग्राहक," तो म्हणाला.

लोक हसले. मी मात्र खाली मान घातली, जणू तो शब्द मीच उच्चारला होता.

भामाबाई करमाडहून स्वखर्चाने साक्षीला आल्या. "सैंपाक आमचा, घरचा, चुलीवरचा. मांडववाल्या बाईला सिलिंडर कशाला लागंल?" पुंडलिकनेही तेच सांगितलं. निकाल माझ्या बाजूने लागला, कंपनीला भरपाई द्यावी लागली. सोमनाथची सहल त्याआधीच होऊन गेली होती. येताना त्याने माझ्यासाठी लाकडी हत्ती आणला. तो मी नाल्यात टाकला.

६. सबब माझ्या पश्चात धंदा, दुकान, गोदाम व सर्व माल एकट्या सोनियाने घ्यावा. विमा जरूर उतरवावा, पण कागदाचं प्रत्येक पान वाचून, आणि नात्यातल्या माणसाकडून कदापि नाही.

७. भरपाईतून घेतलेला टेम्पो पुंडलिकला द्यावा. आगीनंतर त्याला कोणी कामावर ठेवीना, मी ठेवला.

८. हबीबभाईला माझी लाल जोडसतरंजी, दोन जोडून शिवलेली, गोदामातली सगळ्यात मोठी, द्यावी. तो नको म्हणेल. त्याच्या बायकोच्या, जैतुनबीच्या हातात ठेवून यावी, ती परत करणार नाही.

९. कंपनीने दिवाळीला दिलेली घड्याळं, छत्र्या आणि हसऱ्या कुटुंबाची कॅलेंडरं तिच्या दारात नेऊन टाकावीत. तेलाचे डाग पडलेली झालर न धुता त्या साहेबाला पोचवावी.

१०. राहतं घर सोमनाथ व सोनिया या दोघांना निम्मं-निम्मं. वकिलांनी दोनदा विचारलं, "बाई, नक्की का?" नक्की. त्याचं तोंड बघितलं की मला अजून शिसारी येते. तरी तो माझ्या पोटचा आहे, आणि दावे नाकारणं हा विमा कंपनीचा धंदा आहे, माझा नाही. धंद्यात मात्र त्याने पाय ठेवू नये.

११. आज मला इथवर, वकिलांच्या ऑफिसात, सोमनाथनेच गाडीवरून आणलं. तो बाहेर बाकावर बसला आहे. "आत काय लिहितेस?" असं त्याने विचारलं नाही. लाज वाटते म्हणून, की निम्मं घर कायद्याने मिळेलच असं धरून चालला आहे म्हणून, ते मला कळलेलं नाही. मघाशी त्याने दारातून डोकं घालून एवढंच विचारलं, "आई, चहा आणू का?" मी आण म्हटलं. साखर कमी.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिलं. बरोबर आहे. याआधी केलेलं मृत्युपत्र नाही.

लिहून ठेवणार : वच्छलाबाई कडुबा ठोंबरे (सही)

साक्षीदार (हबीबभाई व पुंडलिक यांना यात वाटा असल्याने घेता आले नाही) :
१. राजेंद्र नानासाहेब काळे, रा. मुकुंदवाडी (सही)
२. बुद्धभूषण साळवे, रा. मुकुंदवाडी (सही)

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५