कात्री खाली ठेवायची भीती

बाबा, दसरा होऊन आठ दिवस झाले तशी परवा मी अंगणातले गुलाब छाटायला घेतले. दरवर्षी घेते. फांदीवर कोंब फुटतो तो डोळा, बाहेरच्या बाजूला पाहणारा, निवडायचा, त्याच्यावर पाव बोट जागा सोडून तिरपा काप द्यायचा, म्हणजे कापावर पाणी थांबत नाही. हे तुम्ही मला चिखलीच्या शाळेत शिकवलंत, जिथे तुम्ही माळी होतात आणि मी विद्यार्थिनी. तीन झाडं झाली आणि दम खायला पायरीवर बसले. कात्री बाजूला ठेवली. उजवा हात मांडीवर होता आणि त्याचा अंगठा आपोआप हलत होता, तंबाखू मळतात तसा, बोटावर घासत. मी त्याच्याकडे पाहत राहिले. दुसऱ्या हातानं दाबून धरला. सोडला की पुन्हा सुरू.

तो अंगठा मी ओळखते. मी दहावीला होते तेव्हा तुमचाही असाच हलायला लागला. तुम्ही हात खिशात घालायचात, नाहीतर पाठीमागे धरायचात. फाटकाजवळच्या गुलाबांचे काप त्या वर्षी चिरडल्यासारखे आले, काड्या वरून काळ्या पडत गेल्या, आणि मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर विचारलं की तुम्ही डोळे तपासून घेतलेत का. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत, मैत्रिणी बघत असताना, मी तुमच्या हातातून कात्री ओढून घेतली. "द्या इकडं. तुमच्यानं होत नाही आता." तुम्ही आळ्याच्या कडेला बसलात. मग म्हणालात, "काप बाई. डोया पाहून काप." त्यानंतर तुम्ही कात्रीला कधी हात लावला नाही. लोक म्हणायचे, वय झालं. तुमची पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. शेवटी शेवटी आई तुम्हाला चहा चमच्यानं पाजायची.

परवा पुन्हा कात्री उचलली तर हाताचं हलणं थांबलं. हे लक्षात आलं आणि मग मी थांबलेच नाही. उरलेले गुलाब कापले. मग जास्वंद. मग मोगरा, ज्याला थंडी सरेपर्यंत हात लावायचा नसतो हे पक्कं ठाऊक असताना. कात्री खाली ठेवायचीच भीती वाटत होती. तुमचे जावई जेवायला घरी आले तेव्हा अंगणात नुसते खुंट उभे होते. त्यांनी विचारलं, "काऊन एवढं कापलं?" कीड लागली होती, असं सांगितलं मी.

मी नर्स झालेलं तुम्ही पाहिलं नाहीत. गावोगाव जाऊन लहान बाळांना लस टोचते. काल लसीकरणाचा दिवस होता. सुई धरली की हात शांत व्हायचा, टोचणं नीट होत होतं, तरी प्रत्येक बाळाच्या वेळी मी आधी अंगठ्याकडे पाहून घेत होते. मग एका बाळाचं कार्ड वाचायला हातात धरलं आणि तो कागद फडफडायला लागला. जानेफळकडून माहेरपणाला आलेली त्याची आई म्हणाली, "ताई, तुमाले थंडी वाजून राह्यली का?" मी हो म्हटलं. बाहेर अंग भाजणारं ऊन होतं. ती बाळाला छातीशी धरून एक पाऊल मागे सरकली.

चक्कर येते आहे असं सांगून उरलेली बाळं मी सोबतच्या सिस्टरकडे दिली. घरी येऊन तुमच्या जावयांना खरं सांगितलं. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि त्यांच्या हातांतही तो हलत राहिला. सोमवारी बुलडाण्याला डॉक्टरांकडे जायचं ठरलंय. दुसरंच काही निघेल, असं ते दोनदा म्हणाले. कंपवात हा शब्द मी अजून तोंडातून काढलेला नाही.

हे पत्र कपाटात साड्यांखाली ठेवीन. एक तेवढं सांगते. या आजारात माणसाचं अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जातं, असं आम्हाला नर्सिंगला शिकवलं होतं. आत्ता मी पहिलं पान उलटून पाहिलं, मग हे पान पाहिलं. ही शेवटची ओळ मोठ्या अक्षरात काढायची म्हणून बसले होते, जमली नाही.