श्वास अठरा

४ मार्च
शिंपीकाका गेले. दुपारी दोनला. वय बासष्ट, स्वादुपिंडाला सूज, दाखल होऊन जेमतेम तीन दिवस. पहिल्याच दिवशी धोक्याचे गुण मोजले होते — मीच. वयाचा एक, रक्तातल्या युरियाचा एक. एकूण दोन. तीन झाले असते तर सरळ अतिदक्षता विभागात. दोन, म्हणून साधा वॉर्ड. नाडी जलद होती, पण नुसत्या नाडीला गुण नाही; जोडीला श्वासही वाढलेला हवा, मिनिटाला विसाच्या वर.
तक्त्यावर लिहिलंय — श्वास १८.

५ मार्च
बैठकीत सर म्हणाले, "दोन गुणांचा पेशंट असा ढासळला तर कोण काय करणार! तक्ता तर चोख भरलाय." चोख! मी खाली मान घालून बसले.
इथे तरी खरं लिहिते. मी श्वास मोजलेच नव्हते. कुणीच मोजत नाही. मिनिटभर छातीकडे बघत बसायला फुरसत कुणाला? सगळ्यांचे अठरा. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी सीनियर ताईने शिकवलं होतं, "जास्त लिहिलंस तर सर पुन्हा मोजायला लावतील. अठरा ठोक नि मोकळी हो!" केवढे हसलो होतो आम्ही.

८ मार्च
जुने तक्ते काढून बघितले. माझ्या अक्षरातले एकेचाळीस. एकेचाळीसच्या एकेचाळीस अठरा.

११ मार्च
आज जेवताना आई ओरडली, "अगं, घास हातात धरून बाबांकडे काय टक लावून बसलीयेस?" मोजत होते. सोळा. लिफ्टमधल्या माणसांचे मोजते, रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघून मोजते. फक्त काकांचे मोजता येत नाहीत. डोळे मिटले की त्यांची छाती वरखाली होते, मी मोजायला घेते, आणि आकडा चुकतो. भीती वाटते मला. खरंच.
त्या दिवशी मी तक्ता भरत होते तेव्हा काकू पलंगाशीच बसल्या होत्या. "ह्यांना धाप लागल्यासारखी वाटते का हो?" मी मान वर न करता — "दुखण्यानं होतं तसं, काकू."
स्वतःची समजूत घालते — असतील एकोणीस, फार तर वीस. तेवढ्याने गुण बदलत नाहीत. आणि खरा आकडा आता कुणालाच ठाऊक नाही.

१४ मार्च
काकू कागदपत्रं न्यायला आल्या. जाताना पिशवीतून काकांची मापाची वही काढली. "सासूबाईंना दमा होता, त्यामुळे श्वास मोजायची सवय आहे मला. त्या दिवशी घड्याळ लावून ह्यांचे मोजले. तुम्ही विचाराल म्हणून लिहून ठेवलं."
कुणाच्या तरी शर्टाच्या मापांखाली, पेन्सिलने — श्वास ३२.
काकू म्हणाल्या, "तुम्ही अठरा लिहिताना बघितलं मी. म्हटलं, माझंच मोजताना चुकलं असेल."