भज्यांखालचे कागद

बिबवेवाडी, पुणे

चि. हिरा, तुला थोरल्या बहिणीचा जय भीम.

मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे ते कळव, आणि खोटं कळवू नकोस. माझं पत्र नात दीक्षा लिहून देतेय. ती दुसरीच्या वर्गाची बाई. दिवसभर पोरांना शिकवते आणि घरी येऊन त्यांच्याच गोष्टी वहीत लिहिते.

रविवारी मी त्या वहीची सगळी पानं फाडून भज्यांखाली घातली. मला अक्षर कळत नाही, पण खाडाखोड दिसते. म्हटलं, सगळं चुकलेलंच असणार. आता कळलं, ही वर्गातसुद्धा पोरांना खोडलेलं पुसू देत नाही. ‘ती विचार केल्याची खूण असते,’ म्हणते.

‘वही शाळेत राहिली असेल,’ असं ती म्हणाली, तेव्हा मी गप्प बसले. आत्ता हे सांगतेय तर तिचा पेन थांबलाय. माझ्याने वर बघवत नाही.

खाली जागा सोडायला सांगितलीय. तिला मला काय बोलायचंय ते तिथे लिहू दे. तू वाच, मला सांगू नकोस.

तुझी आक्का

हिराआजी, कागद मी भजी खातानाच ओळखले होते. आजीने इतक्या हौसेने वाढली होती, म्हणून आणखी चार मागून घेतली.
— दीक्षा