नुसती लाळ चालत नाही

नाशिक रोड

चि. धनराज,

सटाण्याच्या घरात सर्वांना माझे आशीर्वाद. मला टीबी नाही, हे नक्की झाले. बाळाला जवळ घ्यायला हरकत नाही, एवढे तुझ्या सूनबाईला आधी सांग.

इथल्या दवाखान्यातले डॉक्टर दमेकऱ्यांच्या बेडक्यातली प्रथिने तपासून फुप्फुसाच्या सुजेचा अभ्यास करतात. मीही नमुना दिला. तोंडाला पदर लावून, आवाज न करता. नमुने घेणारी योगिनी म्हणाली, "मावशी, ही नुसती लाळ आहे. छातीतून खाकरा."

"चारचौघांत खाकरू नये, असं आईनं शिकवलंय," मी सुनावले.

"आम्हाला तेच हवंय," ती हसली. मिठाच्या पाण्याची वाफ देऊन माझी पाठ चोळत बसली. पोरीचे उपकार विसरणार नाही. अभ्यासाचा उपयोग पुढच्यांना होईल. मला दम्याचा पंप दिला आहे आणि झोप लागते.

तू भांडून मला इथे आणलेस, फार बरे केलेस. पण कांद्याच्या चाळीतला तुझा खोकला फोनवर ऐकू येतो. धुळीचे कारण सांगू नकोस, मीही वर्षभर तेच सांगत होते. सोमवारी तपासून घ्यायला ये. नाही आलास तर मला यावे लागेल, आणि मला अजून प्रवास झेपत नाही.

तुझी थोरली बहीण,
ज्योत्स्नाताई