वरून ओळखीची, समोरून अनोळखी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (जेवणाच्या सुट्टीत क्रेनच्या केबिनमध्ये बसून लिहितोय. इथे साष्टांगाला जागा नाही, तेव्हा आठातली तीन अंगं पोचली असं समज.) भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? भाचीचा पुढचा दात आला का? मी ठणठणीत आहे, फक्त ढोपर सोललंय. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

महिनाअखेरपर्यंत तुझं तू बघ, नाहीतर मी पाहिलेल्या स्थळाला होकार कळवते, असा तू दम भरलास. तर ताई, मी बघितलेलं आहे. तीन वर्षं रोज बघतोय. अडचण एवढीच, की वरून. कारखान्याच्या छताला लागून असलेल्या क्रेनमध्ये मी, आणि खाली जमिनीवरून हातांनी इशारे देणारी ती. बोट वर केलं की उचल, मूठ मिटली की जागच्या जागी थांब. पाच-पाच टनांची लोखंडी रिळं मी तिच्या मुठीच्या भरवशावर टेकवतो आणि आजवर तिचा एकही इशारा चुकलेला नाही. (आपल्या घरात एवढी खात्री कुणाचीच देता येत नाही, भावोजी धरून.) मात्र मी शिडी उतरेपर्यंत ती घरी गेलेली असते. त्यामुळे मला ठाऊक असलेली ती म्हणजे एक पिवळं हेल्मेट, दोन खांदे आणि दोन हात. तिला ठाऊक असलेला मी म्हणजे केबिनच्या काचेच्या तळातून दिसणारे बुटांचे तळवे.

गेल्या आठवड्यात धीर करून हुकाला चिठ्ठी अडकवली आणि खाली सोडली : रविवारी चार वाजता बागेत, कारंज्याजवळच्या बाकावर याल का? तिनं अंगठा वर केला. मी इस्त्रीचा शर्ट घालून साडेतीनलाच हजर. पण बाकावर आधीच एक बाई बसल्या होत्या. चेहरा असलेल्या. (हसू नकोस. तिलाही चेहरा असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.) मी दुसरं टोक धरलं. त्या फाटकाकडे बघत होत्या, मीही. चार वाजले, सव्वाचार झाले. शेवटी मी त्यांना विनंती केली, की माझ्याकडे कोणीतरी यायचंय, आपण पलीकडच्या बाकावर बसाल का. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडेही कोणीतरी यायचंय, तेव्हा मीच उठावं.

मग मी डोकं चालवलं. (ते नको तेव्हाच चालतं, तुला माहीत आहे.) समोरून ओळख पटत नाही, तर वरून पाहावं. बागेत उंच अशी एकच गोष्ट होती, घसरगुंडी. छत्तीस वर्षांचा मी तिच्या माथ्यावर बसून एकेक डोकं न्याहाळू लागलो. तेवढ्यात फाटकातून पाण्याचा टँकर उलटा आत येऊ लागला, आणि बाकावरच्या बाई उठून, निव्वळ सवयीनं, ड्रायव्हरला इशारे देऊ लागल्या. डावा हात कमरेवर, उजवा वर, आणि कुंपणाला वीतभर अंतर उरताच मूठ. ताई, ती मूठ मी लाखात ओळखेन. टँकर थांबला. मलाही थांबायचं होतं, पण सरसर घसरत, ढोपर सोलून घेत मी थेट तिच्या पुढ्यात आलो, पाय आधी. तिनं बुटांचे तळवे पाहिले, उजवीकडचं तिरकं ठिगळ पाहिलं आणि मग सावकाश माझ्या तोंडाकडे. "तुम्ही होय," एवढंच म्हणाली आणि खूप वेळ हसली.

नंतर दोन तास आम्ही बोलत बसलो. तिच्या हनुवटीवर तीळ आहे. मी फार सुखात आहे ताई, हे सरळच लिहितो.

तुझा धाकटा

ता. क. : रिळं, हवामान, माझं ढोपर, सगळं बोलून झालं. लग्नाचं विचारायचं तेवढं राहिलं. माझ्या वतीनं तू येऊन विचारशील का? तोवर ते स्थळ थोपवून धर.

दुसरा ता. क. : पाकीट बंद करणार तोच केबिनच्या दारावर टकटक झाली. डबा अर्धा टाकून ती शिडी चढून आली होती. समोरून पाहिली आणि या वेळी लगेच ओळखली. धापा टाकत तिनंच विचारलं. मी काय बोललो ते आठवत नाही, पण मान जोरजोरात हलवत होतो एवढं नक्की. तेव्हा त्या स्थळाला थोपवू नकोस, नाही म्हणून कळव. विचारायला येण्याची आता गरज उरली नाही. तू नुसती ये.